पुरुष नसबंदीनंतर: परिणाम, वीर्य तपासणी आणि पुढची काळजी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नसबंदी झालेले पुरुष, त्यांच्या पत्नी आणि शस्त्रक्रियेचा विचार करत असलेली जोडपी आमच्याकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. शस्त्रक्रियेच्या दिवसाबद्दल लोक भरपूर विचारतात. त्यानंतरच्या तीन महिन्यांबद्दल मात्र फारसे कोणी विचारत नाही, आणि घोटाळे होतात ते बहुधा त्याच काळात. म्हणून त्या काळाला येथे जास्त जागा दिली आहे. एका प्रश्नाचे उत्तर दुसरीकडे आले असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नसबंदीत नेमके काय करतात? त्यानंतर वीर्य येणे थांबते का?

वीर्य येणे थांबत नाही. शुक्राणू वृषणांत तयार होतात, वृषणाला लागून असलेल्या अधिवृषणात परिपक्व होतात आणि तेथून दोन बाजूंच्या दोन शुक्रवाहिन्यांतून वर जातात. नसबंदीत या दोन्ही नळ्या कापून बंद केल्या जातात. वीर्यातील बहुतेक सगळा द्रव नळी जेथे कापली त्याच्या पुढच्या भागात, म्हणजे वीर्याशयात आणि प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतो; शुक्राणूंचा वाटा शंभरात जेमतेम दोन ते पाच इतकाच असतो. त्यामुळे वीर्याचे प्रमाण, रंग आणि दाटपणा यांत डोळ्यांना दिसेल असा फरक पडत नाही. वृषणांत शुक्राणू पुढेही तयार होतच राहतात. ते जागीच विघटित होतात आणि शरीर त्यांना शोषून घेते. ते आत साठून कुजतात किंवा त्यांचे विष होते, या समजाला कोणताही आधार नाही.

२. शस्त्रक्रिया झाली म्हणजे त्या दिवसापासून मूल होण्याची चिंता मिटली ना?

नाही, आणि या एका गैरसमजामुळे जितक्या नको असलेल्या गर्भधारणा होतात तितक्या नळी पुन्हा जुळल्यामुळेही होत नसाव्यात, असे आमचे मत झाले आहे. नळी कापली तरी कापलेल्या जागेच्या पुढे, शुक्रवाहिनीच्या वरच्या भागात आणि वीर्याशयाच्या आसपास, आधीच पोहोचलेले शुक्राणू शिल्लक असतात. ते पुढच्या प्रत्येक वीर्यपातात थोडे थोडे बाहेर पडतात. हा साठा संपेपर्यंत आणि संपल्याचे तपासणीत दिसेपर्यंत पुरुष निर्बीज झाला असे म्हणता येत नाही. तोपर्यंत कंडोम किंवा पत्नी आधीपासून वापरत असलेले गर्भनिरोधक साधन चालूच ठेवावे लागते. पत्नीची तांबी शस्त्रक्रियेच्या दिवशीच काढून टाकणारी जोडपी आम्ही पाहिली आहेत. तिने ती आणखी तीन महिने ठेवायला हवी होती, एवढेच त्यांना कोणी सांगितले नव्हते.

३. तपासणी कधी करायची? कोणी तीन महिने सांगते, कोणी वीस वेळा.

दोन्ही एकाच गोष्टीची मापे आहेत. शुक्राणूंचा उरलेला साठा वीर्यपाताने रिकामा होतो आणि काळाबरोबर निकामी होतो, म्हणून काही ठिकाणी वेळ मोजतात, काही ठिकाणी वीर्यपात मोजतात, तर काही ठिकाणी दोन्ही. जागतिक आरोग्य संघटना शस्त्रक्रियेनंतरचे तीन महिने दुसरे साधन वापरण्यास सांगते. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांनुसार किमान १२ आठवडे आणि किमान २० वीर्यपात झाल्यावर नमुना घेतात. अमेरिकेतील मूत्रविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ च्या सूचनांत पहिल्या तपासणीसाठी ८ ते १६ आठवड्यांचा काळ सांगितला. वीर्यपातांच्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नये, कारण वीस वीर्यपात महिन्याभरात झाले तरी कापलेल्या जागेवरची जखम तोवर पुरती भरलेली नसते आणि काही जणांच्या नळीत याच सुरुवातीच्या आठवड्यांत पुन्हा वाट तयार होते. तीन महिने पूर्ण होऊ द्यावेत, दरम्यान वीसच्या आसपास वीर्यपात व्हावेत आणि मग नमुना द्यावा, हा सल्ला बहुतेकांना लागू पडतो. वय जास्त असलेल्यांना थोडा अधिक वेळ लागू शकतो.

४. तीन महिने कामानिमित्त घरापासून दूर होतो, संबंध आलेच नाहीत. तरी तीन महिने धरायचे का?

दिवस धरता येतील, पण नमुन्यात शुक्राणू दिसण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त राहील, हे लक्षात ठेवावे. साठलेले शुक्राणू काही आठवड्यांत हालचाल गमावतात, मात्र मृत शुक्राणूसुद्धा बाहेर पडेपर्यंत आतच राहतात. हस्तमैथुनाने झालेला वीर्यपातही या हिशेबात तितकाच धरला जातो आणि त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. जमले नसेल तर घरी परतल्यावर काही आठवडे जाऊ द्यावेत आणि मग नमुना द्यावा. अहवाल हाती येईपर्यंत प्रश्न २ मधील सूचना लागू राहते.

५. नमुना कसा द्यायचा?

आधी दोन ते पाच दिवस वीर्यपात टाळावा. नमुना हस्तमैथुनानेच, प्रयोगशाळेने दिलेल्या कोरड्या, स्वच्छ, रुंद तोंडाच्या डबीत घ्यावा. साध्या कंडोममध्ये घेतलेला नमुना चालत नाही, कारण त्यावरचे वंगण आणि काही कंडोमवरचे औषध शुक्राणूंना मारते. तेल, साबण, थुंकी यांचेही तेच. सगळा नमुना डबीत पडायला हवा, विशेषतः पहिला भाग, कारण शुक्राणू असतीलच तर त्यात सर्वाधिक असतात. काही भाग सांडला असेल तर तसे मोकळेपणाने सांगावे. सांडले म्हणून कोणी रागावत नाही, पण न सांगता दिलेल्या अर्ध्या नमुन्यावरचा 'शुक्राणू नाहीत' हा शेरा फसवा ठरू शकतो.

डबीवर नाव, तारीख आणि वेळ लिहावी. घरून आणायची असेल तर ती थंड पडू देऊ नये. शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवलेली बरी. दोन तासांच्या आत ती तपासली गेली पाहिजे, त्यामुळे निघण्यापूर्वी प्रयोगशाळेत त्या वेळी तपासणारी व्यक्ती आहे ना, याची खात्री करून घ्यावी. तिथे एक थेंब काचपट्टीवर ठेवून, पातळ काचेने झाकून, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक भाग सरकवत पाहतात. जिवंत शुक्राणू असेल तर शेपटीच्या वळवळीमुळे चटकन नजरेत भरतो. स्थिर शुक्राणू मात्र इतर पेशींच्या गर्दीत शोधावे लागतात. उशिरा पोहोचलेल्या नमुन्यात हलणारेही स्थिर झालेले असतात, म्हणून वेळेचा एवढा आग्रह.

६. अहवालात 'क्वचित अचल शुक्राणू' असे लिहिले आहे. नसबंदी फसली का?

फसली नाही. हे शब्द वाचून घाबरलेले खूप जण लिहितात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. सर्वांत उत्तम निष्कर्ष म्हणजे 'शुक्राणू आढळले नाहीत'. पण बऱ्याच पुरुषांच्या नमुन्यात तीन महिन्यांनंतरही तुरळक, न हलणारे शुक्राणू दिसतात. ते जुन्या साठ्यातले उरलेसुरले असतात. वर उल्लेखिलेल्या अमेरिकी सूचनांनुसार ताज्या नमुन्यात एका मिलिलीटरमध्ये एक लाख किंवा त्याहून कमी शुक्राणू असतील आणि त्यांतला एकही हलत नसेल, तर दुसरे गर्भनिरोधक थांबवता येते. एक लाख हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण सर्वसाधारण वीर्यात एका मिलिलीटरमध्ये किमान दीड कोटीच्या आसपास शुक्राणू असतात, आणि तेही पोहणारे. अशा अवस्थेत गर्भ राहण्याची जोखीम ही एकही शुक्राणू न दिसलेल्या पुरुषाइतकीच अत्यल्प मानली जाते. काही डॉक्टर असा अहवाल आल्यावर आणखी एक नमुना मागतात. मागितला तर द्यावा, ती जास्तीची खबरदारी आहे. अचल शुक्राणूंची संख्या एक लाखाहून जास्त असेल, तर दुसरे साधन न सोडता चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी.

७. आणि हलणारे शुक्राणू दिसले तर?

ते दुर्लक्ष करण्यासारखे नाही. प्रश्न ४ मध्ये म्हटल्याप्रमाणे साठ्यातले शुक्राणू काही आठवड्यांतच स्थिर होतात. त्यामुळे तीन महिन्यांनी हलणारा शुक्राणू दिसला, तर तो वृषणाकडून नव्याने आलेला असण्याची दाट शक्यता असते. म्हणजे एक तर नळीच्या दोन टोकांमध्ये पुन्हा सूक्ष्म वाट तयार झाली आहे, किंवा एका बाजूची नळी बंदच झालेली नाही. एकाच बाजूची नळी चुकून दोनदा बांधली जाणे किंवा जन्मतः एका बाजूला दोन नळ्या असणे, ही कारणे विरळा असली तरी वैद्यकाला ठाऊक आहेत. लगेच पुन्हा शस्त्रक्रिया करत नाहीत, कारण सुरुवातीला तयार झालेली वाट काही जणांत व्रण घट्ट होताना आपोआप बुजते. दर चार ते सहा आठवड्यांनी नमुना तपासतात. सहा महिन्यांनंतरही हलणारे शुक्राणू दिसत राहिले तर नसबंदी अयशस्वी ठरवून ती पुन्हा करतात. अशी वेळ शंभरात एकापेक्षाही कमी जणांवर येते. या सगळ्या काळात कंडोम एकदाही चुकवू नये.

८. बिनटाक्याची नसबंदी पक्की असते का? की टाक्यांची चांगली?

टाके असणे वा नसणे हा कातडीचा प्रश्न आहे. नसबंदी टिकते की नाही, हे आत नळी कशी बंद केली त्यावर ठरते. बिनटाक्याची पद्धत चीनमधील डॉ. ली शुन्‌च्यांग यांनी १९७४ मध्ये विकसित केली. तिच्यात सुरीने छेद देण्याऐवजी टोकदार चिमट्याने कातडीला एकच बारीक छिद्र पाडून ते ताणतात आणि त्यातून दोन्ही नळ्या बाहेर घेतात. त्यामुळे रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि वेदना कमी होतात, एवढा तिचा लाभ निश्चित आहे. आतले काम वेगळे: नळी नुसती बांधून मधला तुकडा काढण्यापेक्षा तिच्या आतले अस्तर जाळून बंद करणे किंवा दोन टोकांच्या मध्ये तिच्याच आवरणाचा पडदा ओढून घेणे, या पद्धती जास्त खात्रीच्या आहेत. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना विचारायचा खरा प्रश्न हा आहे, आणि तो विचारण्याचा तुम्हांला पूर्ण अधिकार आहे.

९. पहिल्या काही दिवसांत किती दुखणे साहजिक आहे? कधी घाबरावे?

दोन-चार दिवस ओढ लागल्यासारखे दुखणे, थोडी सूज, अंडकोशाच्या कातडीवर पसरलेला निळा-जांभळा डाग आणि पहिल्या काही वीर्यपातांत तांबूस छटा हे सगळे साहजिक आहे. घट्ट चड्डी किंवा लंगोट रात्रंदिवस वापरावा, पहिल्या दिवशी कापडात गुंडाळलेला बर्फ मधून मधून लावावा आणि शक्य तितके पडून राहावे. रक्त साठणे किंवा जंतुसंसर्ग होणे शंभरात एक-दोघांच्या वाट्याला येते. पुढीलपैकी काही दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टर गाठावेत: तासागणिक वाढत जाणारी सूज, गोळ्या घेऊनही न थांबणारे किंवा वाढत जाणारे दुखणे, छिद्रातून पू किंवा थांबत नसलेले रक्त, ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, लघवी अडणे. रक्त पातळ होण्याची गोळी आधीपासून चालू असेल, तर ती स्वतःहून बंद किंवा चालू करू नये; तो निर्णय शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांशी बोलून झालेला असावा.

१०. कामावर कधी जावे? संबंध कधी ठेवावेत?

बैठे काम असेल तर दोन-तीन दिवसांनी. वजन उचलणे, सायकल, धावणे, शेतातली वा बांधकामावरची मेहनत एक आठवडा बंद. संबंध साधारण आठवड्याने, दुखत नसेल तर; अर्थात कंडोम वापरून.

११. अंडकोशात वाटाण्याएवढी गाठ हाताला लागते. ती काय आहे?

बहुधा ती नळीच्या कापलेल्या टोकाजवळ तयार झालेली शुक्राणूंची गाठ असते. टोकातून थोडे शुक्राणू बाहेर झिरपतात, शरीर त्यांना परके समजून त्यांच्याभोवती पेशींचे कुंपण घालते आणि त्याची कडक, दाबल्यावर किंचित दुखणारी गुठळी होते. ती कर्करोगाची गाठ नसते, बहुतेकांना तिचा त्रास होत नाही आणि बहुतेक वेळा ती काढावीही लागत नाही. ओळखायची खूण अशी: अंघोळीच्या वेळी गरम पाण्याने कातडी सैल झाल्यावर बोटांनी चाचपले, तर ही गाठ वृषणापासून सुटी, वरच्या दोरीसारख्या भागात लागते. गाठ वृषणातच असेल, न दुखणारी आणि टणक असेल, तर तिचा नसबंदीशी संबंध जोडून घरी बसू नये. डॉक्टरांकडून ती स्वतंत्रपणे तपासून घ्यावी.

१२. सहा महिने झाले तरी जडपणा आणि दुखणे आहे. हा मनाचा खेळ आहे असे सांगितले जाते.

तो मनाचा खेळ नाही. नसबंदीनंतर तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी वेदना ही वैद्यकाने मान्य केलेली अवस्था आहे, आणि जगण्यात अडथळा येईल इतकी वेदना शंभरात एक-दोघांना होते. अधिवृषणात दाब वाढणे, प्रश्न ११ मधली गाठ, व्रणात सापडलेली मज्जातंतूची शाखा अशी कारणे तिच्यामागे असू शकतात. उपचार पायरीपायरीने होतात: आधार देणारी चड्डी आणि दाहशामक गोळ्या, त्यानंतर मज्जातंतूंच्या वेदनेची औषधे किंवा तेथील मज्जातंतूजवळ भुलीचे इंजेक्शन, आणि त्यानेही भागले नाही तर अधिवृषण काढणे, मज्जातंतू कापणे किंवा नळी पुन्हा जोडणे यांसारख्या शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियेआधी प्रत्येक पुरुषाला ही शक्यता स्पष्ट शब्दांत सांगायला हवी. ती लपवल्याने नसबंदीवरचा विश्वास वाढत नाही, उलट ज्याच्या वाट्याला वेदना येते तो एकटा पडतो.

१३. कमजोरी येते का? पुरुषत्व जाते का? पुढे कर्करोग होतो का?

पुरुषी संप्रेरक वृषणांतून थेट रक्तात जाते, शुक्रवाहिनीतून नाही. म्हणून नळी बंद केल्याने त्याचे प्रमाण घटत नाही. ताठरता, इच्छा, दाढी-मिशा, आवाज आणि ताकद होती तशीच राहते. जड काम करणाऱ्यांना ही भीती सर्वाधिक असते आणि तिला उत्तर मायेने, पण ठामपणे द्यावे लागते: आठवड्याभराची विश्रांती सोडली तर कामाची क्षमता कमी होत नाही. काहींना सुरुवातीला संबंधांच्या वेळी भीतीमुळे अडचण येते. ती खरी असते, पण तिचे मूळ भीतीत असते आणि ती बहुधा काळाबरोबर ओसरते.

प्रोस्टेटच्या कर्करोगाबाबत अनेक मोठे अभ्यास झाले आहेत. काहींत संबंध आढळला नाही, काहींत अगदी अल्प वाढ दिसली. नसबंदीमुळे हा कर्करोग होतो असे सिद्ध झालेले नाही. हृदयविकार किंवा वृषणाचा कर्करोग यांची जोखीमही नसबंदीने वाढत नाही.

१४. अहवालात शुक्राणू शून्य होते, तरी दोन वर्षांनी पत्नीला दिवस राहिले. हे शक्य आहे का?

शक्य आहे. अहवाल निर्दोष आल्यानंतरही सुमारे दोन हजारांत एका पुरुषाच्या बाबतीत पुढे गर्भधारणा होते, कारण नळीची टोके काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही सूक्ष्म वाटेने जुळू शकतात. म्हणून कोणत्याही प्रामाणिक संमतिपत्रात 'शंभर टक्के खात्री' असे शब्द नसतात. तरीही कायमस्वरूपी साधनांत नसबंदी ही सर्वांत भरवशाच्या साधनांपैकी एक आहे आणि स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी व कमी जोखमीची आहे. पाळी चुकली तर 'नसबंदी झाली आहे, मग कसे शक्य आहे' म्हणून आठवडे वाया न घालवता गर्भचाचणी करावी आणि त्याच आठवड्यात पतीने वीर्य तपासावे.

१५. मग पत्नीवर संशय घ्यायचा का? घरात भांडण पेटले आहे.

हा प्रश्न आमच्याकडे बहुतेक वेळा रात्री उशिरा येतो, आणि तो वाचताना त्या घरातल्या स्त्रीची अवस्था डोळ्यांसमोर येते. आधी हिशेब नीट करावा. गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. प्रत्यक्ष गर्भधारणा त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी होते. सोनोग्राफीत १४ आठवडे लिहिले असतील, तर गर्भ सुमारे १२ आठवड्यांपूर्वी राहिला. शस्त्रक्रिया बारा-तेरा आठवड्यांपूर्वी झाली असेल, तर हा गर्भ जुन्या साठ्यातल्या शुक्राणूंमुळे किंवा शस्त्रक्रियेच्या आधीच राहिला असण्याची शक्यता उघड आहे. तपासणीआधी दुसरे साधन सोडले असेल, तर प्रश्न २ मध्येच उत्तर मिळते.

हिशेब जुळत नसेल तर वीर्य तपासावे. त्यात हलणारे शुक्राणू सापडले तर पत्नीवर संशय घेण्याचे कारण उरत नाही. सापडले नाहीत तरी पत्नी दोषी ठरत नाही: सूक्ष्म वाट काही काळ उघडून पुन्हा बुजू शकते आणि नमुना आजचा आहे, गर्भ मात्र काही महिन्यांपूर्वीचा. पितृत्वाबद्दल निर्णायक उत्तर केवळ डीएनए चाचणी देते. ती करायची की नाही हे दोघांनी मिळून, शांतपणे आणि समुपदेशकाच्या मदतीने ठरवावे. शस्त्रक्रियेनंतर तपासणीला न जाण्याची चूक पतीची आणि तिची शिक्षा पत्नीला, असे कितीतरी घरांत घडते. ते थांबले पाहिजे.

१६. दीड वर्ष झाले, तपासणी केलीच नाही. आता करून काय उपयोग?

उपयोग पूर्ण आहे. तपासणीला मुदत नसते. आज नमुना द्या आणि अहवाल येईपर्यंत कंडोम वापरा. आतापर्यंत दिवस राहिले नाहीत म्हणजे नसबंदी यशस्वी झाली, असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण पत्नीचे वय, पाळीच्या तारखा आणि योगायोग यांचाही त्यात वाटा असतो. घरगुती चाचणीच्या पट्ट्या काही ठिकाणी मिळतात, मात्र त्या ठरावीक संख्येच्या वर शुक्राणू आहेत की नाहीत एवढेच दाखवतात. हलणारे आहेत की स्थिर, हे त्यांतून कळत नाही, आणि प्रश्न ६ व ७ मधला सगळा फरक तोच आहे.

१७. नसबंदी उलटवता येते का?

नळी सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा जोडता येते, पण मूल होण्याची हमी नसते, आणि जितकी वर्षे उलटतात तितकी शक्यता घटते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात, नसबंदीला तीन वर्षांहून कमी काळ झालेल्यांपैकी ९७ टक्क्यांच्या वीर्यात शुक्राणू परतले आणि ७६ टक्के जोडप्यांत गर्भ राहिला. १५ किंवा अधिक वर्षे झालेल्यांत हेच प्रमाण ७१ आणि ३० टक्के होते. दोन आकड्यांमधले अंतर महत्त्वाचे आहे: शुक्राणू परतले तरी त्यांच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे, अधिवृषणातला अडथळा आणि पत्नीचे वय आडवे येऊ शकते. अधिवृषणातून किंवा वृषणातून सुईने शुक्राणू काढून प्रयोगशाळेत गर्भधारणा करणे, हा दुसरा मार्ग आहे. दोन्ही मार्ग खर्चाचे आणि मनस्तापाचे आहेत. निर्णयाच्या वेळी 'पुढे जोडून घेऊ' हा विचार मनात असेल, तर नसबंदी आत्ता करू नये.

१८. नसबंदीनंतर कंडोमची गरजच उरत नाही ना?

गर्भनिरोधासाठी, अहवाल निर्दोष आल्यावर, उरत नाही. एचआयव्ही, गुप्तरोग आणि इतर लैंगिक संसर्गांपासून नसबंदी कोणतेही संरक्षण देत नाही. त्यासाठी कंडोम लागतोच.

१९. अहवाल किती दिवस जपून ठेवावा?

कायम ठेवावा. शस्त्रक्रियेचा दाखला आणि वीर्य तपासणीचा अहवाल एकाच पाकिटात ठेवून त्या दोघांचे मोबाईलवर फोटो काढावेत, आणि ते पाकीट कोठे आहे हे पत्नीलाही ठाऊक असावे. प्रश्न १४ किंवा १५ सारखी वेळ आली, तर डॉक्टर सर्वांत आधी हेच दोन कागद मागतात, आणि त्यांवरच्या तारखा पाहिल्याशिवाय काहीही सांगू शकत नाहीत.